गुंतवळ वाढते तेव्हा

आजीच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक फट होती. रविवारी न्हाणं झालं, उन्हात केस वाळले, की ती लाकडी फणीने विंचरायला बसायची. फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळायची आणि ती इवलीशी गुंतवळ त्या फटीत खोचून ठेवायची. दोन-तीन महिन्यांनी गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई आली, की फटीतल्या सगळ्या गुंतवळी बाहेर निघायच्या. कधी एखादी वाटी मिळायची, कधी चहाची गाळणी. आम्हा मुलांना फुगे. केस गळतात याचं आजीला दुःख नव्हतं. रोजचे गळणारच, असं ती धरून चालायची. पण गुंतवळीचा आकार तिच्या बोटांना पाठ होता. लहानपणी विषमज्वरातून उठल्यावर दोन-अडीच महिन्यांनी फणीत मुठीएवढी गुंतवळ आली होती आणि पुढे वेणी पुन्हा भरली, हे ती आम्हाला अनेकदा सांगायची.

तिची आठवण झाली ती माझ्या भाचीमुळे. भाची एकतीस वर्षांची. दोन वर्षांपासून तिचा भांग रुंद होत चालला होता. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल दिलं. तिने ते नेमाने लावलं आणि बरोबर चौथ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. पर्समधून तिने प्लॅस्टिकच्या सहा-सात छोट्या पिशव्या काढल्या. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि आकडा. पहिलीवर 58, मग 71, 124, शेवटच्या पिशवीवर 190.

"मावशी, हे औषध केस उगवायचं आहे ना? मग हे काय आहे? आणि बघ, मुळासकट निघालेत. प्रत्येकाच्या टोकाला पांढरं मूळ आहे."

डॉक्टरांनी औषध कसं लावायचं ते सांगितलं होतं, किती महिने लावायचं तेही सांगितलं होतं. सुरुवातीला केस अधिक गळू शकतात, एवढं एक वाक्य मात्र राहून गेलं होतं. त्या न बोललेल्या वाक्यामुळे किती जण औषध अर्ध्यावर टाकून देतात, या विचाराने मला फार वाईट वाटतं. म्हणून हे संपूर्ण प्रकरण मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

आधी त्या पांढऱ्या टोकाबद्दल. तो छोटा, पांढरट, गदेसारखा गोळा म्हणजे केसाचं मूळ नव्हे. मूळ त्वचेच्या आत राहतं, केशकुपात. केशकूप म्हणजे ज्या बारीक पिशवीतून केस उगवतो ती जागा. तिच्या तळाशी केस घडवणाऱ्या पेशी असतात, थोडं वर मूळपेशींचा साठा असतो, आणि केस गळला तरी हा साठा जागच्या जागी असतो. वाढता केस जोर लावून उपटला तर त्याचं टोक काळसर, ओलसर, चिकट आवरण असलेलं निघतं. आपोआप गळलेल्या केसाचं टोक मात्र कोरडं आणि पांढरं असतं, कारण त्याची वाढ थांबून बरेच आठवडे उलटलेले असतात. रंग भरणाऱ्या पेशींनी काम केव्हाच थांबवलेलं असतं. भाचीने पिशव्यांत जपून ठेवलेले ते सगळे केस औषधाची बाटली घरात येण्यापूर्वीच वाढायचे थांबलेले होते.

हे नीट कळण्यासाठी केसाचं आयुष्य समजून घ्यायला हवं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाची वाढ दोन ते सहा वर्षं चालते. या काळाला अ‍ॅनाजेन म्हणतात. मग दोन-तीन आठवड्यांत केशकूप आकसतो, आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांचा विसावा, म्हणजे टेलोजेन. विसाव्यातला केस वाढत नाही, पण लगेच पडतही नाही. कुपात नुसता अडकून राहतो. शेवटी त्याला धरून ठेवणारा सांधा विरघळतो आणि केस निसटतो. त्याच कुपात पुढचा केस सुरू होतो. नवा केस जुन्याला ढकलून बाहेर काढतो असं सांगायची पद्धत आहे. ते समजायला सोपं आहे, पण अर्धंच खरं. सांधा सुटणं ही शरीराची स्वतंत्र क्रिया आहे आणि कधीकधी नवा केस दिसण्याआधीच जुना निघून जातो. तेवढे दिवस ती जागा रिकामी असते. वयपरत्वे किंवा वंशपरंपरेने केस विरळ होणाऱ्यांमध्ये हा रिकामा काळ लांबत जातो.

आता आजीच्या गुंतवळीचा हिशेब करून बघू. एक लाखापैकी साधारण दहा टक्के केस विसाव्यात, म्हणजे दहा हजार. ते शंभर दिवसांत गळणार. म्हणजे रोज शंभर. पन्नास ते शंभर केस रोज गळणं स्वाभाविक आहे, असं डॉक्टर सांगतात त्यामागे एवढंच गणित आहे.

मांजर-कुत्र्यांचे केस ऋतू बदलला की एकदम झडतात. माणसाच्या डोक्यावर तसं होत नाही, कारण इथे प्रत्येक केसाची वेळ वेगळी. शेजारच्या दोन केसांतला एक कोवळा असतो, दुसरा गळायला आलेला. म्हणून रोज शंभर जाऊनही आरशात काही फरक दिसत नाही. पण काही कारणाने हजारो केस एकाच वेळी एकाच टप्प्यावर आले तर? 1961 मध्ये अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी अशा गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिलं. टायफॉइड, डेंगी, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, अचानक वजन घटवणं, अशा धक्क्याने बरेच केस एकदम वाढ थांबवून विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. आजीच्या मुठीएवढ्या गुंतवळीचा उलगडा हा. ताप उतरून गेला होता, पण ताप आल्याची नोंद केसांनी ठेवली होती आणि अडीच महिन्यांनी ती वाचून दाखवली.

1993 मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी या गळतीचे पाच प्रकार मांडले. त्यातला एक आपल्या कामाचा आहे: विसाव्यातल्या केसांची मुदतीपूर्वी सुटका. तापानंतरच्या गळतीत वाढता केस अवेळी थांबतो. या प्रकारात घडतं ते उलट. विसाव्यातल्या कुपाला अवेळी जाग येते, तो कामाला लागतो, आणि ज्या जुन्या केसाला अजून पन्नास-साठ दिवस रेंगाळायचं होतं त्याचा मुक्काम संपतो. फणीत दोन्ही वेळा पांढऱ्या टोकाचेच केस येतात. डोळ्यांना भेद कळत नाही, म्हणून घाबरायला होतं.

कुपाला अशी जाग आणणारं औषध मुळात केसांसाठी शोधलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीचं मिनॉक्सिडिल ही रक्तदाब उतरवण्याची गोळी. रक्तवाहिन्या सैल करणारी, जोरकस. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोराडो विद्यापीठात चार्ल्स चिडसी तिच्या चाचण्या घेत होते, तेव्हा रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. तिथल्याच त्वचारोग विभागातले गुंटर कान आणि पॉल ग्रँट यांच्या मनात विचार आला, की हे औषध पोटात न देता कातडीवर लावलं तर? त्यांनी ते पातळ करून स्वतःच्या हातांवर लावून पाहिलं, आणि केस आले. पुढे पेटंटवरून कंपनीशी बराच वाद झाला. गोळीला 1979 मध्ये परवानगी मिळाली, टाळूवर लावायच्या दोन टक्के द्रावणाला 1988 मध्ये पुरुषांसाठी आणि 1991 मध्ये स्त्रियांसाठी. कंपनीला औषधाचं नाव 'रिगेन' ठेवायचं होतं. गेलेलं परत मिळण्याचं आश्वासन त्या नावातच होतं, म्हणून नियामकांनी ते मान्य केलं नाही आणि 'रोगेन' हे नाव आलं. मला त्या नियामकांबद्दल आदर वाटतो. केसांच्या बाबतीत माणूस इतका हळवा असतो, की बाटलीवरच्या नावालाही तो वचन समजतो.

हे औषध लावल्यावर टाळूतलं एक विकर त्याचं रूप बदलतं आणि मगच ते कामाचं होतं. ज्यांच्या टाळूत हे विकर कमी, त्यांना औषधाचा गुण कमी येतो. तेल, औषध, निगा सगळं तेच असूनही एका बहिणीला गुण येतो आणि दुसरीला येत नाही, यात दुसरीची काही चूक नसते. औषधाचा विसाव्यावरचा परिणाम उंदरांवरच्या प्रयोगांत फार स्वच्छ दिसला. ज्या उंदरांच्या केसांचा विसावा एरवी सुमारे वीस दिवसांचा असायचा, तो मिनॉक्सिडिलने एक-दोन दिवसांवर आला. माणसात इतकं झपाट्याने होत नाही, पण दिशा तीच.

पुन्हा थोडं गणित, केवळ अंदाज येण्यासाठी. विरळ होत चाललेल्या डोक्यावर विसाव्यातल्या केसांचं प्रमाण वाढलेलं असतं. समजा दहाऐवजी वीस टक्के. म्हणजे वीस हजार केस गळण्याच्या रांगेत आहेत. शंभर दिवसांत ते गेले असते तर रोज दोनशे. औषधाने रांग दुप्पट वेगाने हलली तर रोज चारशे. रांगेत नव्याने कोणी उभं राहिलेलं नाही. जे जाणार होते तेच लवकर गेले. भाचीला मी कागदावर हेच मांडून दाखवलं. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण डोकं तर रिकामं दिसतं ना मावशी."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते गणिताने पुसून टाकता येत नाही. हा काळ अवघड असतो. गळती साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होते आणि काही आठवडे, कधी दोन-तीन महिने चालते. गेलेल्या केसाच्या जागी नवा केस लगेच दिसत नाही. त्याला आधी त्वचेच्या आत वर यावं लागतं आणि बाहेर आल्यावर त्याची वाढ महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. खोडव्याच्या उसासारखं आहे हे. तोडणी झाली की रान उघडं दिसतं, पण बुडखे जमिनीत जिवंत असतात आणि कोंब वर यायला आपला वेळ घेतात. डोळ्यांना फरक कळायला चार ते सहा महिने, पूर्ण परिणाम जोखायला जवळजवळ वर्ष.

त्यातही पुरुष आणि बाई यांच्या वाट्याला येणारा काळ सारखा नाही, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. चार सेंटिमीटर केस ठेवणाऱ्या मुलाचा नवा केस चार-पाच महिन्यांत बाकीच्या केसांत मिसळून जातो. बाईचा केस साठ सेंटिमीटर लांब असेल, तर त्या लांबीला पोचायला नव्या केसाला पाच वर्षं लागतील. भांग भरला तरी शेपट्याचं टोक बारीकच राहतं. उपचार यशस्वी होऊनही वेणी हातात घेतली की तिला वाटतं, काहीच झालं नाही. अशा वेळी केस खांद्यापर्यंत कापून घेणं हा साधा, चांगला उपाय आहे. मात्र घरातल्या मोठ्या बायकांनी त्यावर हळहळू नये. लग्न ठरायचं आहे आणि केस काय कापलेस, असं म्हणणाऱ्या माणसांपुढे त्या मुलीच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं.

आता सगळ्यात मोठा सापळा. चौथ्या आठवड्यात गळती वाढते, सहाव्या आठवड्यात माणूस घाबरून औषध बंद करतो. तोवर बरेच कूप जागे होऊन वाढीला लागलेले असतात आणि त्यांना औषधाचा आधार असतो. आधार गेला की तीन-चार महिन्यांत हे केस पुन्हा एकत्र विसाव्यात जाऊन गळतात. म्हणजे त्या माणसाने सहा महिन्यांत दोनदा गळती सोसली आणि नवे केस वाढण्याचा काळ एकदाही पाहिला नाही. त्याचा स्वतःचा अनुभव त्याला हेच सांगतो, की औषधाने होते तेही केस नेले. तो हे मित्रांना सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं. मिनॉक्सिडिलने मिळालेले केस ते चालू आहे तोवरच टिकतात, हेही सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं लावायची तयारी नसेल तर सुरू न करण्याचा निर्णयही शहाणपणाचाच आहे.

फिनास्टेराइड या पुरुषांना देतात त्या गोळीची वाट निराळी. ती टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होणारं रूपांतर रोखते. त्या गोळीच्या सुरुवातीलाही काहींना गळती जाणवते, पण मिनॉक्सिडिलइतकी ठळक नाही. केस रोपणानंतरची गळती मात्र मनाला फार लागते, कारण तिथे पैसाही मोठा गेलेला असतो. डोक्याच्या मागच्या भागातून काढून पुढे बसवलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक सगळे गळून पडतात. कूप उचलताना आणि बसवताना त्याला जो धक्का बसतो त्याने केस सुटतो, पण कूप नव्या जागी रुजलेला असतो आणि तीन-चार महिन्यांनी त्यातून केस येऊ लागतो. कधीकधी आजूबाजूचे मूळचे केसही तात्पुरते जातात. याची कल्पना आधी दिली नसेल तर सहाव्या आठवड्यात आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार करावा.

इथे एक खुलासा जरूर करायला हवा. गळती झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं समजून आनंद मानणारी माणसं मी पाहिली आहेत आणि गळती झाली नाही म्हणून खट्टू होणारीही. दोन्ही चूक. गळती सगळ्यांना होत नाही. न होताही गुण येतो, आणि होऊनही पुढे निराशा पदरी पडू शकते.

आणि प्रत्येक गळती या खात्यात टाकता येत नाही. नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. टाळू लाल होऊन खाजत असेल, खपल्या धरत असेल तर औषधातलं अल्कोहोल किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल सोसत नसेल. प्रोपिलिन ग्लायकॉल सोसत नसलेल्यांना फेसाच्या रूपातलं औषध अनेकदा चालतं. पुळ्या, दुखरी टाळू, भुवयांचे केस जाणं, तीन महिने उलटूनही न थांबणारी गळती, यांसाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्यावं. आपल्याकडच्या मुलींमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे, की ती शोधल्याशिवाय पुढे जाऊच नये. छातीत धडधड, पायांवर सूज, भोवळ, असं काही झालं तर औषध थांबवून लगेच दाखवावं, कारण मुळात ही रक्तदाबाची गोळी आहे. गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने मिनॉक्सिडिल लावू नये. फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हातही लावू नये. घरात मांजर असेल तर लावलेलं औषध सुकेपर्यंत तिला जवळ घेऊ नये. मांजरांना मिनॉक्सिडिल अगदी थोडंही विषारी ठरतं.

2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं हवालदिल झाली होती. खाज सुटून अवघ्या काही दिवसांत माणसांच्या डोक्यावरचे केस हातात येत होते. लहान मुलं, बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांचे. तपासात संशयाची सुई सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरेकाकडे वळली. त्या लोकांना शांत राहा, गळतीनंतर केस येतातच, असं नुसतं सांगणं हा अन्याय ठरला असता. धीर द्यायचा तो तपासणीनंतर.

भाचीची तपासणी झालेली होती. तिच्या टाळूवर खाज नव्हती, चकत्या नव्हत्या. थोडं लोह कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू होत्या. मी तिला केस मोजणं सोडायला सांगितलं. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा मधला भांग पाडून एक फोटो काढायचा ठरला. मोरीच्या जाळीवरचे केस गेलेल्यांचीच संख्या सांगतात. येणाऱ्यांची नोंद जाळीवर होत नाही. पिशव्या तिने फेकल्या नाहीत. माझ्याकडे ठेवून गेली.

तिसऱ्या महिन्यात गळती ओसरली. पाचव्या महिन्यात ती पुन्हा आली, तीही तक्रार घेऊनच. भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड केस उभे राहतात, क्लिपखाली बसत नाहीत, तेल लावलं तरी वर येतात. "तुटायला लागलेत वाटतं," ती म्हणाली.

मी तिला खिडकीपाशी बसवलं आणि त्यातला एक केस पांढऱ्या कागदावर आडवा धरला. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, कात्रीने कापल्यासारखं किंवा फाटलेलं. कुपातून पहिल्यांदाच बाहेर आलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, बारीक होत होत दिसेनासं होणारं. भिंग मी आधीच काढून ठेवलं होतं. ते तिच्या हातात दिलं आणि टोक बघ म्हटलं.

तिने बघितलं. मग शेजारचा केस, मग त्याच्या शेजारचा.